आटलेली रूमी टोपी

परतूरला मास्तरकी करताना मला जुन्या फेल्ट टोप्यांचा नाद लागला. एका म्हाताऱ्या रेल्वे गार्डाची तपकिरी हॅट, जालन्याच्या भंगारात सापडलेली करडी, अशा नऊ जमल्या होत्या. दाबलेल्या लोकरीवरून बोट फिरवलं की बरं वाटायचं. कसर लागू नये म्हणून ट्रंकेत कडुनिंबाचा पाला ठेवायचो.

आमच्या गल्लीत उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहायच्या. सगळे त्यांना आपा म्हणत. एकदा त्यांनी सासऱ्यांची लाल फेल्टची, काळ्या गोंड्याची रूमी टोपी आणून दिली. ती एका बाजूनं चेपली होती. "सर, नातवाचा निकाह आहे. त्याच्या डोक्यावर हीच पाहिजे. बराबर करून द्या."

वाफ दिली की फेल्ट सरळ होतं, हे मला माहीत होतं. उकळत्या पातेल्यावर चाळणीत टोपी ठेवली आणि दारात कोणी आलं म्हणून बोलत बसलो. परत आलो तर टोपी आटून वाडग्याएवढी झाली होती.

चार दिवस मला अन्न गोड लागेना. गल्लीत आपा दिसल्या की मी मागच्या बोळातून शाळेत जायचो.

"त्यायला सांगून टाका न," बायको म्हणाली. "किती दिवस असं लपून राह्यले?"

"आधी काही उपाय होतो का पाहतो."

पाचव्या दिवशी रजा टाकून सकाळच्या गाडीनं जालन्याला गेलो. तिथं एक म्हातारे कारागीर निजामाच्या काळापासून टोप्या साच्यावर बसवून द्यायचे. त्यांनी टोपी उलटीपालटी केली.

"आटलेली लोकर वाढत न्हाई. मागून चिरून पट्टी घालावी लागंल. तुमचीच हाय का?"

"नाही. दुसऱ्यांची आहे."

"मंग त्यायला इचारून या. अमानतीला मी कैची लावत न्हाई."

संध्याकाळी आपांच्या दारात उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी टोपी मांडीवर घेतली.

"त्याच दिवशी काहून न्हाई सांगितलं?"

"मागून चिरून पट्टी घातली तर होईल म्हणतात," मी म्हणालो.

"निकाहाला सहा दिवस राह्यले," त्या म्हणाल्या. "उद्या मी सोबत येते. माझ्यासमोर कापू द्या."

दुसऱ्या दिवशी कैची चालली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मी कारागिराच्या हाताकडे पाहत राहिलो. त्यांनी त्याच रंगाची पट्टी बसवली, टोपी पितळी साच्यावर चढवली आणि काळा गोंडा बरोबर शिवणीवर सोडला.

निकाहाच्या दिवशी नवरदेव पंख्याखाली बसला होता. गोंडा हलला की मागची शिवण कोणाला दिसली का, हे मी पाहायचो. पाहुण्यांशी काय बोललो ते आठवत नाही. शेवटी आपाच जवळ आल्या.

"सर, जेवून घ्या आता. टोपी एवढी नवी कोणी केली, सगळे इचारून राह्यले."

"तुम्ही काय सांगितलं?"

"जालन्याचा पत्ता दिला," त्या म्हणाल्या. "तुमचा न्हाई दिला."