टॉनिकवाल्या रामरावांची ढमी

नेरच्या बसस्टँडमागं रामरावांचं खता-औषधांचं दुकान. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान पिवळं पडो, मुरडो, नाहीतर नुसतं वाऱ्यानं हलो, उत्तर ठरलेलं: "टॉनिक मारून टाक बावा, मंग पाह्य!" गिऱ्हाइकाचं बोलणं संपायच्या आत बाटली काउंटरवर. पहिलीनं गुण आला नाही तर दुसरी घ्या, अन् आला तर दुसरी घ्यायलाच हवी, असा सगळा सोयीचा हिशेब.

हाच इलाज घरच्या मांजरीवर सुरू झाला. त्यांच्या बायकोला, विमलताईंना, पोरबाळ नव्हतं, ढमी हेच त्यांचं लेकरू. ती जरा सुस्तावली तशी रामरावांनी तिच्या दुधात तालमीतल्या पोरांची प्रोटीन पावडर कालवली. वर कॅल्शियमचं सिरप, माशाच्या तेलाची गोळी अन् शेळ्यांचं लिव्हर टॉनिक. ढमी वाळत चालली अन् पाणी मात्र सारखं पिऊ लागली.

"पाह्य, कशी तहान लागून राह्यली! अंगी लागून राह्यलं!" म्हणत रामरावांनी चमचा मोठा केला.

शेवटी विमलताईंनी ढमीला थैलीत घातलं अन् जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रामराव मागोमाग हजर. डॉक्टर सुरभी मॅडमनी लघवीत पट्टी बुडवली, रंग पाहिला.

"लघवीत प्रोटीन उतरलंय. बरंच."

रामरावांची छाती फुगली. "उतरलं ना? म्या म्हनतच होतो! नकली पावडर असती तं उतरलं असतं काय?"

धन्य हो बाप्पा! मॅडमनी कपाळाला हात लावला. "काका, ते अंगात राहायला पाहिजे. एवढं बाहेर पडतंय म्हणजे किडनी थकली. पावडर, सिरप, गोळ्या, सगळं बंद करा. साधं खाणं द्या, पाणी भरपूर द्या. मग पुन्हा तपासू."

"अन् औषध?"

"सध्या काहीच नाही."

बाटलीशिवाय माणसाला वाटेला लावणारी ही कसली डॉक्टरीण, म्हणून रामराव रस्ताभर धुसफुसले. दुसऱ्याच सकाळी ते ढमीच्या मासोळीवर पावडर भुरभुरताना सापडले. विमलताईंनी डबा हिसकला.

"ढमी मेली ना, तं चौकात उभी राहून सांगीन, माह्या नवऱ्याच्या टॉनिकनं मेली!"

रामरावांनी हातावरची पावडर झटकली. बायकोचा जीव मांजरीत अडकलेला, अन् त्यांचा दुकानाच्या नावात.

पुढं ढमी अंगानं भरली, केसांवर तजेला आला. पुन्हा पट्टी बुडवली तेव्हा प्रोटीन पुष्कळ कमी झालं होतं. रामराव दुकानात मिशीवर ताव देऊन सांगू लागले की पथ्यावर त्यांनीच ठेवलं. लाजबिज कायची!

तेवढ्यात बाबाराव पऱ्हाटीचं पिवळं पान घेऊन आले. रामरावांनी पान पाहिलं न पाहिलं, तीन बाटल्या मांडल्या. दुकानामागच्या घरातून विमलताई ढमीला काखेत घेऊन दारात आल्या.

"बाबारावभाऊ, आमच्या ढमीले तं सारं बंद केल्यावरच बरं वाटलं जी."

बाबारावांनी ढमीकडं पाहिलं, मग रामरावांकडं. खिशाकडं गेलेला हात परत आला. तिन्ही बाटल्या त्यांनी हळूच काउंटरपलीकडं सरकवल्या.

"मंग माही पऱ्हाटीबी ऱ्हाऊ दे काही रोज तशीच," म्हणाले अन् पान घेऊन चालते झाले.