मागे सरा, बाईंना उतरू द्या!

माझी मावशी बसमध्ये कंडक्टर. आवाज असा, की तिने मागच्या दारातून तिकीट विचारलं तर पुढच्या सीटवर डुलक्या घेणारा माणूसही खिसे चाचपायला लागायचा. डेपोत तिला सगळे 'लाउडस्पीकर' म्हणायचे. तिला वेड एकाच गोष्टीचं, सिनेमाचं. त्यातही नटनट्यांच्या आयुष्यावरचे सिनेमे असले की जेवणसुद्धा आठवायचं नाही. पडद्यावरची नटी महालात एकटी बसून ढसाढसा रडायला लागली, की मावशी सुस्कारा टाकायची, "असं रडायलासुद्धा नशीब लागतं गं!"

आणि एक दिवस तसल्याच सिनेमाचं शूटिंग डेपोशेजारच्या थिएटरबाहेर लागलं. गोष्ट एका प्रसिद्ध नटीची, जिला लोक रस्त्यावर चालू देत नाहीत. गर्दीसाठी माणसं हवी होती. मावशीने सुट्टी टाकली, ठेवणीतला निळा पोशाख काढला, लिपस्टिक लावली, पुसली, पुन्हा लावली आणि मलाही ओढत नेलं.

"गाडी आली की धावायचं, काचा बडवायच्या, ओरडायचं," दिग्दर्शक कर्ण्यातून म्हणाला. "वेड लागल्यासारखं!"

"लागल्यासारखं कशाला? लागलंच आहे," मावशी माझ्या कानात म्हणाली.

गाडी आली. आम्ही धावलो. पण बघायला जमलेले लोकही दोर तोडून आत घुसले आणि सगळा लोंढा गाडीवर आदळला. नायिका नुकतीच उतरत होती. ती दार आणि गर्दी यांच्यात चेपली गेली. मावशी तिच्या अगदी समोर, हात लांब केला तर गालाला लागेल इतकी जवळ. जन्मभर जिची वाट पाहिली ती बाई! मावशीचा आ वासलेला. तेवढ्यात नायिका पुटपुटली, "मला श्वास घेता येत नाहीये."

हा काही लिहून दिलेला संवाद नव्हता. मावशीने गर्रकन तिच्याकडे पाठ केली, दोन्ही हात फैलावले आणि कडाडली, "मागे सरा! ओ टोपीवाले, तुम्हालाच सांगतेय! बाईंना उतरू द्या आधी!"

गर्दी जागच्या जागी थिजली. थिजणारच, त्यातले निम्मे तिच्याच बसने रोज ये-जा करणारे! मुकाट्याने सगळे मागे सरकले.

दिग्दर्शक धावत आला. आता मावशीची खरडपट्टी निघणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण गाडीला टेकून दम खाणारी नायिका हसायला लागली. "कॅमेरा चालू होता ना? मग हे ठेवायचं. काढलंत तर याद राखा."

सिनेमा लागला आणि त्या जागी थिएटरात शिट्ट्याच शिट्ट्या! भाजी घेताना, रांगेत उभं राहताना, जो तो म्हणू लागला, "मागे सरा, बाईंना उतरू द्या!" मावशीला पुष्पगुच्छ मिळाले. एका चपलांच्या दुकानाची फीत तिच्या हातून कापली गेली. फोन घेऊन घेऊन काका वैतागले, "अगं, मी नवरा आहे की तुझा सेक्रेटरी?"

"दोन्ही व्हा हो थोडे दिवस," मावशी आरशातून म्हणाली.

पण हौशी लोक नुसते तिला बघायला बसमध्ये चढू लागले आणि रोजची माणसं थांब्यावरच राहू लागली. रोज सकाळी येणारी एक नर्स एकदा खालूनच ओरडली, "ताई, तुमच्या सिनेमापायी माझी ड्युटी बुडतेय!" मावशीला ते फार लागलं.

मग काकांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना आत नेलं आणि मावशी दवाखान्याच्या बाकावर बसून रडत होती. एक तरुण फोन रोखून समोर आला. "मावशी, ते वाक्य म्हणा ना! असंच रडत रडत. भारी वाटेल!"

अख्खी बस गप्प करणाऱ्या बाईने ओंजळीत तोंड लपवलं. मीच त्याचा फोन खाली ढकलला. काका त्यातून सुखरूप बाहेर आले, पण घरी परतताना मावशी एवढंच म्हणाली, "सिनेमातल्या त्या बाईंचं रोज असंच होत असेल ना गं?"

तिने पहाटेची कारखान्याकडची बस मागून घेतली. त्या बसमधले कामगार अर्धवट झोपेत असायचे, त्यांना समोर कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. हळूहळू लोकांना तोंडात घोळवायला दुसरं वाक्य मिळालं.

आणि तेव्हाच दिग्दर्शकाचा फोन आला. नवा सिनेमा, तुरुंगातल्या दुष्ट वॉर्डनची भूमिका, चांगली मोठी! घरात एकच कल्ला. काका अंथरुणातून उठून बसले. "अगं, हो म्हण! विचार कसला करतेस?"

मावशीने फोन छातीशी धरला, मग कानाला लावला. "येते. पण एक अट आहे. मला कुणी ओळखता कामा नये."

पलीकडे दिग्दर्शक खो खो हसला. इतर सगळे चेहरा जवळून दाखवा म्हणून भांडायचे म्हणे! त्याने तिला पांढऱ्या केसांचा टोप, खोटे दात आणि गालावर व्रण दिला. मावशीने घरी असा सराव केला, की शेजारच्या काकू आमचं भांडण सोडवायला धावत आल्या.

पहिल्याच खेळाला आम्ही तिघं गेलो. पडद्यावर मावशीने उपाशी नायिकेला अंधारकोठडीत ढकललं आणि पाण्याचं भांडं लाथाडलं. पलीकडच्या खुर्चीतल्या बाई दात-ओठ खाऊन मावशीलाच म्हणाल्या, "काय खवीस बाई आहे हो! हातात सापडू दे, झिंज्याच उपटते हिच्या!"

मावशीची नखं माझ्या मनगटात रुतली.

"उपटाच," ती म्हणाली. "नालायक आहे मेली!" आणि तोंडात रुमाल कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली.