कवच आणि कुंडलं

डबलबारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा खुणेने मागायचो. आवाज उरलेलाच नसायचा. मी अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवायचो आणि आमची बायको, जिला या घरातली प्रत्येक खूण कळते, ती नेमकी तेव्हा आंधळी व्हायची. "काय ता? दात दुखतत?" असं विचारून निवांत वाल सोलत बसायची. कारण असं, की समोरच्या बाजूला बहुतेक वेळा तिचाच धाकटा भाऊ असायचा.

ज्यांनी डबलबारी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका मंचावर दोन भजनी मंडळं. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज. आधी अभंग, गौळण वगैरे सभ्यपणा होतो आणि मग गजर सुरू झाला की एकाने गाण्यातून चिमटा काढायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे गाण्यातूनच परतवायचा. पाठ केलेलं उत्तर लोकांना लगेच कळतं. ज्याला जागच्या जागी सुचतं तो बुवा. आचऱ्यापासून कुडाळापर्यंत माझी जी काही पत आहे ती एवढ्याचीच. मला सुचतं. आंबोलीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माझ्या मेवण्यालाही सुचतं, पण हे मी घरात बोलत नाही.

आम्ही खाली बसून गातो. मागे पखवाज, झांजा, चकी आणि डझनभर दणदणीत गळे. आपला आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून साउंडवाला आमच्या समोर मॉनिटर ठेवायचा, म्हणजे आमच्याकडे तोंड करून तिरका बसवलेला स्पीकर. तो माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर. आवाज वाढवला की शिट्टी, कमी केला की मला पखवाजाशिवाय काही ऐकू नाही. मग मी काय करणार? ओरडणार. वर्षानुवर्षं ओरडलो. शेवटी कुडाळच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली आणि म्हणाले, "बुवा, असंच चालू ठेवलंत तर पुढच्या चतुर्थीला तुम्ही फक्त पेटी वाजवाल."

साउंडवाला म्हणाला, कानातले घ्या. कानात दोन बोंडं, कमरेला छोटा डबा, हवा तेवढा आवाज थेट कानात. ओरडायची गरजच नाही. मंडळात लगेच दोन तट पडले. झांजवाल्यांना मॉनिटर हवा होता, कारण त्यावर पाण्याची बाटली ठेवता येते. पखवाजवाला माझ्या बाजूचा. बायकोचं मत निराळं. "घरात तुमी माझा ऐकणास नाय, आता बूच घातल्यार काय ऐकतलास?"

शेवटी ठरलं, धामापूरच्या बारीला साउंडवाल्याकडून दोन संच नुसते वापरून बघायचे. एक मला, एक पखवाजवाल्याला. जमलं तर घ्यायचे. आमच्या बाजूचे मॉनिटर त्याने घरीच ठेवले.

संध्याकाळची बारी. तळ्यावरून गार वारा. मी पहिला अभंग लावला आणि थांबता थांबता राहिलो. माझा आवाज! माझ्याच कानात, जवळ, स्वच्छ. नुकत्याच तेल घातलेल्या दारासारखा. मी अर्ध्या जोरात गात होतो आणि मागच्या माडाखालची माणसं माना हलवत होती. मनात म्हटलं, आता अजून वीस वर्षं गातो.

मग आमच्या मेवण्याचा गजर आला. मंचावर तो मला बुवा म्हणतो, घरी भावजी. पण डोळे तेच, चोराचे. त्याने पेटीवरचा हात उचलला, माझ्या कानाकडे बोट केलं आणि सुरू केलं:

"कानामध्ये वायर, कमरेला डबा,
बुवांच्या तोंडून बोलतो कोण बाबा?"

लोक हसले, आणि मग हसू थांबून एक वेगळीच कुजबुज सुरू झाली. ती मला कानातल्यांतूनही जाणवली. कारण आरोप खोटा असला तरी अशक्य नव्हता. समोरच्याची बारी चालू असताना आमचे माईक बाहेर बंद असतात, पण आमच्या कानात ते चालूच राहतात. मागून कोणी उत्तर पुटपुटलं असतं तर ते मला पोचलं असतं आणि कोणाला पत्ताही लागला नसता. पुढून एक म्हातारा ओरडला, "बुवानू, कानातला काढा आधी!"

काढलं तर गळा जाणार. ठेवलं तर, मी यापुढे जे काही गाईन ते दुसऱ्या कोणीतरी सांगितलेलं ठरणार. गळा गेलेला बुवा निदान बुवा तरी असतो.

आमची बारी आली. मी उठून उभा राहिलो. बसून गाणारा माणूस उभा राहिला की लोक गप्प होतात, हे मला माहीत आहे आणि मी ते जपून वापरतो. कानातली बोंडं काढली, कमरेचा डबा सोडला, सगळं दोन्ही हातांवर घेतलं आणि गात गात मेवण्यासमोर गेलो:

"कर्णाच्या दारी इंद्र आला, मागितले ते दान दिले,
कवच घे हे, कुंडल घे हे, माझे मजला गाणे उरले!"

काय गलका झाला म्हणून सांगू! मेवण्याने डबा कमरेला लावला, बोंडं उपरण्याने चांगली खसाखसा पुसली (लोकांना दाखवून) आणि कानात घातली.

मी जागेवर येऊन बसलो. आता माझ्यापुढे मॉनिटर नाही, कानात काही नाही. तेवढ्यात मागे सरसर आवाज आला. झांजवाले, कोरसवाले, सगळे बसल्या बसल्या पुढे सरकत होते. माझ्या पाठीला गुडघे लागेपर्यंत आले आणि हळू आवाजात गजर उचलला, मला माझा सूर सापडावा म्हणून. मॉनिटरसाठी भांडलेले हेच. त्या गजरात मी ओरडलो नाही.

मग पुन्हा मेवण्याची बारी. आमचे माईक बाहेर बंद. तो गातोय आणि मी माझ्या सवयीने पुढच्या उत्तराची जुळवाजुळव करतोय. एक ओळ गुणगुणली, टाकली, दुसरी धरली. शेजारी पखवाजवाला त्याच्या सवयीने पुटपुटतोय. अचानक मेवणा गाता गाता फिसकन हसला. पुन्हा गायला लागला, पुन्हा हसला. शेवटी त्याने हात वर करून आपलं मंडळ थांबवलं आणि माईक तोंडाशी ओढला.

"मंडळीनू, खरा सांगतंय. ह्या कानातल्यात पखवाजवालो म्हणता, 'काजीच्या उसळीचो वास येता रे, ह्यांचो गजर सरता सरता उसळ सरतली.'"

लोक लोळले. पखवाजवाल्याने पखवाजामागे तोंड लपवलं. मग मेवणा जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, "आणि बुवांच्या कानात कोणच काय सांगणा नाय. बुवाच बुवांका सांगतत. एक ओळ करतत, मोडतत, परत करतत. ह्या मी माझ्या कानांनी ऐकलंय."

तो उठला, माझ्यासमोर आला आणि सगळं परत माझ्या ओंजळीत ठेवलं. "इंद्रान कुंडलां परत दिल्यान नाय. मी देतंय. घाला, भावजी."

मंचावर पहिल्यांदाच भावजी म्हणाला. मी घातली. शेवटचा गजर असा रंगला, की एरवी माझी स्तुती मी माझ्याच तोंडून करतो, त्याची त्या दिवशी गरज पडली नाही.

मंडळाने कानातलेच घेतले, एकमताने. एक संच जास्तीचा घेतला, तो समोरच्या बुवासाठी. बारीच्या सुरुवातीला मी तो त्याच्यापुढे ठेवतो. माझ्या कानात जे येईल ते त्याच्याही कानात. पखवाजवाल्याला मात्र आता जेवू घालूनच मंचावर बसवतो.

पण धामापूरच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. मी उठलो, ओटीवर आलो, सवयीने अंगठा तोंडाकडे नेला आणि थांबलो. घसा खाकरला. मग छाती भरून, खणखणीत, शेजारच्या वाडीला ऐकू जाईल असा चहा मागितला.

आतून आवाज आला, "बोंबलतास कित्याक? माका ऐकाक येता."

भावाने रातोरात फोन केला असावा. चहाबरोबर घावणे होते.