उजव्या वळणावरची पांढरी गाडी

तिला ओळखीचे सगळे मोजणीबाईच म्हणत. खरं नाव नवऱ्याला आणि बँकेला ठाऊक, बाकी जगाला ती मोजणीबाई. एखाद्या जागेवर मोठी इमारत उभी राहायची असली, की तिच्यामुळे रस्त्यावर गाड्या किती वाढतील, चौकात कोंडी होईल का, पायी चालणाऱ्याचं काय होईल, याचा अहवाल तयार करणाऱ्या एका लहानशा कचेरीत ती कामाला होती. उद्याच्या गाड्यांचा अंदाज बांधायचा तर आधी आजच्या मोजायला हव्यात. मोजून मोजून सवय अशी जडली होती, की बसथांब्यावर उभी असली तरी तिचे ओठ हलत. शेजारणीला वाटे, बाई जप करतेय. तोही ती करायचीच, पण घरी, सकाळी दिव्यापुढे उभी राहून.

सासूबाईंना या नोकरीचं भारी हसू येई. "लोकांच्या सुना बँकेत नोटा मोजतात, आमची चौकात गाड्या मोजते," हे पाहुण्यांपुढचं त्यांचं ठरलेलं वाक्य.

"अहो आई, मोजल्याशिवाय कळणार कसं?"

"कळून काय दिवे लावणार आहेस? यायच्या त्या गाड्या येणारच."

यावर मोजणीबाई हसून डबा भरायला घ्यायची.

या खेपेचं काम मोठं होतं. जुन्या गोदामांच्या मोकळ्या जागेवर नवी वसाहत येणार होती. खाली दुकानं, त्यावर दवाखाना आणि कचेऱ्या, वर घरं. अहवाल नेहमी मोजणीबाई लिही आणि पालिकेच्या सुनावणीत उभे राहत साहेब. पण साहेबांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी बोलणंच बंद केलं. दवाखान्यातून त्यांचा निरोप आला, 'यंदा तुम्हीच उभ्या राहा. सहीही तुमचीच.'

निरोप वाचून तिचे पाय जमिनीवर ठरेनात. कपाटातली ठेवणीतली निळी साडी निघाली. आरशासमोर भाषणाची तालीम सुरू झाली. नवरा म्हणाला, "अगं, गाड्यांबद्दल बोलायचंय, निवडणुकीला नाही उभी राहिलीस!"

एकच गोष्ट तिच्या मनाला टोचत होती. जागेच्या कडेने एक अरुंद गल्ली जाते. चौकातून उजवीकडे वळून त्या गल्लीत शिरणाऱ्या गाड्यांचा सकाळचा आकडा भलताच फुगलेला होता. त्या हिशेबाने वसाहतीचं फाटक गल्लीत ठेवायचं, तर गल्लीचा पदपथ कापून रस्ता रुंद करावा लागणार होता. तिने तसं लिहून दिलंही होतं. पण त्याच पदपथावरून मुलं शाळेत जातात, म्हातारी माणसं काठी टेकत दवाखान्यात जातात. आणि एवढ्याशा गल्लीत एवढ्या गाड्या जातात तरी कुठे? आत ना बाजार, ना कचेरी!

एरवी ती प्रत्येक चौकात स्वतः जाऊन उभी राही. या वेळी साहेबांच्या दवाखान्याच्या धावपळीत तेवढं राहून गेलं होतं, कचेरीतल्या पोरींनी कॅमेऱ्याचं चित्रण बघूनच मोजणी केली होती.

सुनावणीच्या आदल्या दुपारी तिने खांबावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुन्हा लावलं. छपरावर पाटी लावलेली एक पांढरी गाडी उजवीकडे वळली. थोड्या वेळाने तीच, मागच्या दाराला पोचा आलेली, पुन्हा वळली. मग पुन्हा. तशाच पाटीच्या आणखीही गाड्या फिरत होत्या. ड्रायव्हिंग स्कूल!

"अगं पोरींनो, ही एकच गाडी घिरट्या घालतेय, आणि तुम्ही दर वेळी नवी म्हणून बटण दाबलंत?"

मोजणाऱ्या पोरी गोंधळल्या. "ताई, समोरून जाईल ती गाडी मोजायची, असं तुम्हीच शिकवलंत ना!"

तेही खरंच होतं. तिने चित्र थांबवून मोठं केलं आणि तिचा हात तोंडावर गेला. चाकामागे काळा चष्मा लावून, मान ताठ करून बसल्या होत्या साक्षात तिच्या सासूबाई! रोज सकाळी 'गुडघ्यांच्या व्यायामाला' जाणाऱ्या.

घरी ती एक अक्षर बोलली नाही. हसू मात्र ताटावर बसल्या बसल्या फुटत होतं. "काय गं, गाड्या मोजून डोकं फिरलं का?" सासूबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, निळी साडी नेसून, ती चौकात जाऊन उभी राहिली. पांढरी गाडी आली, वळणाच्या ऐन तोंडाशी आचके देत बंद पडली. काच खाली होती. सासू-सुनेची नजरानजर झाली.

"तू इथे काय करतेस?" सासूबाई कडाडल्या.

"गाड्या मोजतेय, आई. तुम्ही?"

शेजारी बसलेल्या गाडीशिक्षकाला हसू आवरेना. मागून भोंगे वाजायला लागले, तशी मोजणीबाई चटकन मागच्या सीटवर चढली.

"घरात कुणाला सांगशील तर बघ," सासूबाई पुटपुटल्या. "लायसन्स मिळाल्यावरच सांगणार होते. हे उजवं वळण मेलं जमेना, म्हणून अडलंय."

"मास्तर, तुम्ही पूर्वीपासून इथेच शिकवता?"

"छे हो बाई! आम्ही त्या गोदामांच्या मैदानात शिकवायचो. वसाहतीसाठी पत्रे मारून जागा बंद केली, म्हणून या गल्लीत आलो. पुढच्या महिन्यात गावाबाहेर नवं मैदान मिळतंय. मग इकडे कोण येतंय!"

मोजणीबाईचे डोळे लकाकले. म्हणजे त्या आकड्यातल्या निम्म्याशिम्म्या गाड्या इथल्या नव्हत्याच! त्या निघून जाणार होत्या. पदपथ कापायची गरजच नव्हती! पण मग स्वतःच सही करून दिलेला अहवाल चुकला, हे तिला पहिल्यावहिल्या सुनावणीत, भर सभेत सांगावं लागणार होतं.

"देवा, आता जीभ अडखळू देऊ नकोस," ती मनात म्हणाली.

सुनावणीचं सभागृह खच्चून भरलं होतं. आधी ती वसाहतीबद्दल बोलली. वर राहणारा माणूस खाली दूध-ब्रेड घ्यायला गाडी काढत नाही, म्हणून त्या फेऱ्या वजा होतात. दुकानांचा माल उतरवणारे टेम्पो मात्र गल्लीतून नकोत, मोठ्या रस्त्यावरूनच यायला हवेत. इथवर ठीक चाललं. मग तिने अहवालाचं पान उलटलं. "आणि गल्लीचा माझा आकडा चुकला आहे. खऱ्या गाड्या पुष्कळ कमी आहेत. पदपथ कापू नये."

एकदम गलका झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "बिल्डरने कानात सांगितलं वाटतं!"

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "बाई, लोकांची शंका रास्त आहे. आकडा कमी झाला, की रस्ता रुंद करायचा खर्च वाचतो, फायदा बिल्डरचा. काल जास्त, आज कमी, आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?"

शिकाऊ गाड्यांचं सांगायला ती तोंड उघडते तोच मागच्या रांगेत खुर्ची करकरली.

"माझ्यावर ठेवा," सासूबाई उभ्या होत्या, शेजारी मास्तर. काळा चष्मा अजून डोक्यावर. "तो जास्तीचा आकडा म्हणजे मी आहे!"

सभागृहात हास्याचा असा फवारा उडाला की अध्यक्षांनाही पाणी प्यावं लागलं. सासूबाईंनी सगळं खणखणीत सांगितलं. मैदान, पत्रे, न जमणारं वळण. मास्तरांनी उभं राहून दुजोरा दिला. मोजणीबाईने पोचा आलेली गाडी पडद्यावर पुन्हा पुन्हा वळताना दाखवली, तेव्हा मघाशी ओरडलेला माणूसच मोठ्याने म्हणाला, "अहो आजी, ब्रेक! ब्रेक!"

निर्णय झाला. शिकाऊ गाड्या गेल्यावर मोजणी पुन्हा करायची, तोवर पदपथाला कुणी हात लावायचा नाही, आणि नवा अहवाल मोजणीबाईच्याच सहीने यायचा.

बाहेर आल्यावर सासूबाई पायरीवर थांबल्या. "माझ्यामुळे तुझी फजिती झाली ना गं?"

"आई, तुमच्यामुळे गल्ली वाचली."

"मग पाहुण्यांना सांग तसं."

"तुम्हीच सांगा. वाक्य बदला फक्त."

महिना उलटला. मैदान सुरू झालं, चौकातून पाट्यांच्या गाड्या नाहीशा झाल्या. मोजणीबाई या वेळी कॅमेऱ्याच्या भरवशावर राहिली नाही, हातात मोजणीचं यंत्र घेऊन स्वतः पदपथावर उभी राहिली. मुलं शाळेला निघाली होती. तेवढ्यात घरची गाडी येताना दिसली. शेजारी मास्तर नाहीत, कुणीच नाही. सासूबाईंनी वळणाचा दिवा लावला, समोरची बस जाऊ दिली, आणि लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी उजवीकडे वळवली. जाता जाता खिडकीतून ओरडल्या, "आज एकदाच गं!"

मोजणीबाईने हसत बटण दाबलं. एकदाच.