न खेळता हरणारी अक्का

अक्का हरायला लागली की हसायची. टेनिसचा सामना हातातून निसटतोय असं दिसलं की तिचं मनगट सैल पडायचं, चेंडू पार मागच्या जाळीवर जाऊन आदळायचे, आणि ती अशी हसायची की जणू हे तिनंच ठरवलं होतं. कुणी विचारलंच तर कानडी मिसळून म्हणायची, "बिडु गं, सोड. आज मूडच नव्हता." त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

ती धारवाडची, सप्तापुरातल्या प्राध्यापकांची मुलगी. मी हुबळीची, गोकुळ रोडला अप्पांचं लेथचं वर्कशॉप. क्लबात मला कुणी विचारत नव्हतं तेव्हा हिनं आपली जुनी रॅकेट माझ्या हातात दिली. माझा बॅकहँड तिनंच शिकवलेला. खेळ संपला की चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला न्यायची आणि आपल्या वाटची भजीही माझ्यापुढं सरकवायची. "खा, अंगात जोर नको का?" सख्ख्या बहिणीनं एवढं केलं नसतं. म्हणूनच तर राग.

क्लबच्या फायनलला आम्हीच दोघी समोरासमोर आलो. अप्पा वर्कशॉप बंद ठेवून पहिल्यांदाच माझा खेळ बघायला आले होते. पहिला सेट मी घेतला. अक्काकडून! दुसऱ्यात मी पुढं गेले आणि तिचं हसू सुरू झालं. सर्व्हिस जाळ्यात. सोपा चेंडू आला तरी ही जागची हलेना. पंचांनी तंबी दिली, तर त्यांच्याकडं बघूनही हसली. मी जिंकले. हात मिळवताना म्हणाली, "पायात जीवच नव्हता गं आज."

मग मी हरवलं कुणाला? टाळ्या झाल्या, कप मिळाला, आणि जो तो म्हणत होता, अक्का खेळलीच नाही. घरी जाताना अप्पांनी विचारलं, "जिंकलीस ना? मग तोंड का पाडलंस?" त्यांना काय सांगणार?

लग्न होऊन ती बेंगळूरला निघाली, त्याआधी मी म्हटलं, "एक सामना दे. खरा." आली. चार-चारपर्यंत अशी खेळली की मला धाप लागली. मग माझा एक फटका बरोबर रेषेवर पडला, आणि तिचं मनगट सैल झालं.

मी जाळ्यापाशी गेले. "अक्का, तू हरायला घाबरतेस."

तिचं हसू मावळलं. "जीव तोडून खेळले आणि तरी हरले, तर माझ्याकडं उरतं काय गं?"

"आणि मी? मी इथं कशाला उभी आहे? भिंत आहे का मी?"

ती मागं गेली आणि सर्व्हिस सरळ जाळ्यात मारली. मी रॅकेट पिशवीत घातली आणि निघाले.

"अगं, गेम तरी संपव!" तिचा आवाज चिरकला होता. मी वळले नाही.

सणासुदीला तिचा फोन येतो. अप्पांची तब्येत विचारते, पोरांचं विचारते, टेनिसचं नाव काढत नाही. मीही सांगत नाही, की दर रविवारी मी अजून खेळते, माझ्याहून लहान पोरींकडून हरते, आणि हरून घरी आले की तासभर कुणाशी बोलत नाही.