खळ्याच्या डाव्या कडेला

महाडहून सकाळची सर्व्हिस मोटार सुटली तेव्हा कॅमेऱ्याची पेटी माझ्या मांडीवर होती. शेजारी कर्णिकसाहेब. पुण्यात बी.ए.ला असताना दर गुरुवारी मी त्यांच्या घरी वार लावून जेवलो आहे. आपला देश दाखवणारा चित्रपट ते काढत होते. नट नाहीत, रंग नाही, खरी माणसे. माझ्या मुलखात मदतीला त्यांनी मला बोलावले याचा मला फार अभिमान वाटत होता.

पोलादपूरला उतरून कापडे गावापर्यंत पायी गेलो. एका घरी तांदळाची भाकरी आणि कुळथाचे पिठले मिळाले. साहेबांच्या हॅटकडे निरखून म्हातारीने सुनेला विचारले, “ह्ये कंच्या मुलखाचं गो?”

साहेब हसले. मी खजील झालो.

पुढे एका खळ्यावर भात झोडायला सावडीला (आळीपाळीने एकमेकांकडे राबण्याची रीत) माणसे जमली होती. साहेब बुटांनिशी सारवलेल्या खळ्यात शिरले. “पायताण काढा की हो!” चौघे एकदम ओरडले.

बूट काढता काढता साहेबांचे लक्ष एका उंच, तांबूस दाढीच्या लंगोटीवाल्याकडे गेले. “हा कोण?”

“आमचा खानतात्या,” एकजण म्हणाला. “हिंग इकायला काबूलहून आला, हितंच ऱ्हायला.”

साहेबांनी मला बाजूला घेतले. “त्याला हलव. परका माणूस दिसला तर बघणारे गोंधळतील.”

नाही म्हणायला हवे होते. गुरुवारची पाने आठवली. मी गेलो. “तात्या, चित्रापुरतं जरा बाजूला होता?”

“व्हतो की. पावण्याचं ऐकाया हवं.” तात्या डाव्या कडेला जाऊन उभा राहिला.

साहेब कॅमेऱ्याचे हँडल फिरवू लागले. पेंढीला कोणी हात लावेना.

“झोडा ना!”

“खळं तात्याचं हाय,” मघाचाच माणूस म्हणाला. “धन्यानं पयली पेंढी झोडल्याबिगर आमी झोडत नाय.”

साहेबांनी हँडल थांबवले. मग म्हणाले, “तिथूनच झोडू दे. कडेवरून.”

तात्याने एक धोंडा तिकडे ओढला आणि पेंढी आपटली. मग बाकीच्यांच्या पेंढ्या पडू लागल्या. ताल चुकू नये म्हणून सगळे त्याच्याकडे बघत होते.

“तात्या, तू चित्रात नायस, दमानं घे रे!”

“तू झोड, नायतर सायेब तुलाबी काबूलला धाडल!” तात्या म्हणाला.

निघताना तात्याने माझ्या ओंजळीत नवे तांदूळ घातले. “माजं खळं आलं न्हवं चित्रात?”

“आलं,” मी म्हणालो.

“मंग झालं.”

परतीच्या मोटारीत साहेब खुशीत होते. ते वाईट गृहस्थ नव्हेत. माझ्यासारख्या अडाणी घरातल्या पोराला त्यांनी आपल्या पंक्तीला बसवले. मग तात्याला चित्राबाहेर काढताना त्यांना काहीच कसे वाटले नाही? आणि मला वाटूनही मी का गेलो?

चित्रपट महाडला तंबूत लागला. पडद्यावर माणसे भात झोडत होती आणि प्रत्येक तडाख्याला सगळी तोंडे डावीकडे वळत होती.

“तिकडं काय बघतायत हो सगळे?” शेजारच्याने विचारले.

“खळ्याच्या धन्याकडे.”

“मग तो दिसत का नाही?”