एवर्टची फुसफुसणारी झडप

एवर्ट युलिपा उभ्या जन्मात कुणावर ओरडला नसेल, पण हिवाळ्यात गॅरेजचं दार उघडं टाकणाऱ्याची त्यानं कधी गय केली नाही. उत्तरेतल्या आमच्या सरहद्दीच्या नदीकाठी थंडी अशी पडते की मिशीवरचा श्वास गोठून खळ दिल्यासारखा कडक होतो. अशा मुलखात उबेला जपावं लागतं, घरातल्या लेकराला जपावं तसं. दार फटभर राहिलं की एवर्ट आतून गर्जायचा, "दार लाव! मी काय कावळ्यांसाठी लाकडं जाळतोय?"

नोकरीभर त्यानं रस्त्यावरचं बर्फ लोटणारी गाडी चालवली. एकदा धुकटात त्यानं पाद्रीबुवांची गाडी बुवांसकट कडेच्या ढिगाऱ्यात लोटली होती. बुवा खिडकीतून बाहेर आले आणि म्हणाले, "एवर्ट, रविवारी चर्चला येत नाहीस, म्हणून चर्चच गाडायला निघालास का रे?" तेव्हापासून एवर्ट नाताळला तरी चर्चला जाऊ लागला. त्या नोकरीतून निवृत्त होताना त्याला घड्याळ मिळालं. पण त्याचा खरा जीव जडला होता बर्फगाडीच्या ग्रीसच्या डब्यावर. ते मधासारखं घट्ट, काळपट ग्रीस घरातल्या कशालाही चालतं, असं त्याचं ठाम मत. कुरकुरणारं फाटक, स्कीच्या पट्ट्या, बूट, सगळ्यांना तेच. एकदा त्यानं बायकोच्या, आउनेच्या, वाफल्याच्या म्हणजे जाळीदार धिरड्याच्या साच्यालाही ते चोपडलं होतं. तिनं पहिला वाफला त्यालाच वाढला.

तर या एवर्टची लाल रंगाची, लांबट पाठीची जुनी व्होल्वो होती, टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणारा भाता. आता बघा, गाडी जोरात असताना चालकानं पाय उचलला की इंजिनाचं तोंड मिटतं, आणि भरधाव आलेली हवा दारात अडते. तिला वाट करून द्यायला एक झडप असते. एवर्टच्या गाडीतल्या जुन्या झडपेचा रबरी पडदा उन्हाळ्यात फाटला, तेव्हा त्यानं तशीच साधी झडप आणावी की नाही? पण त्यानं टपालानं मागवली बाहेरच्या बनावटीची चकचकीत ॲल्युमिनियमची. तिच्यात पडद्याऐवजी दट्ट्या होता. का, तर ती सुटताना गोड आवाज करते म्हणे.

"सत्तरीला आलास, आणि शिट्ट्या मारत फिरणार?" आउने म्हणाली.

"शिट्टी नाही गं. उसासा आहे तो."

काम त्यानं नीट केलं. सुटलेली हवा मोजून घेतलेली असते, ती बाहेर गेली तर इंजिनाचा हिशेब चुकतो. म्हणून ती नळीनं परत टर्बोच्या तोंडाशी नेली. त्यानं आवाज जरा दबला, तेव्हा पठ्ठ्यानं झडप पुढच्या जाळीमागेच बसवली, कानाला जवळ. उन्हाळाभर गाडी प्रत्येक वळणावर फिस्स करायची आणि एवर्ट खुशीत मान हलवायचा.

हिवाळा लागला आणि खेळ बिघडला. आउनेची थोरली बहीण लेंपी नदीपलीकडे फिनलंडात राहते. तिचं खुब्याचं हाड मोडलेलं, म्हणून दर रविवारी आउने तिला न्हाऊ घालायला जायची. रविवारी बस नाही. गावातून गाडी छान निघायची, पण हमरस्त्याच्या तिठ्याशी एवर्टनं पाय उचलला की पुढून रानकोंबडा खाकरावा तसा बट्-बट्-बट् आवाज व्हायचा आणि इंजिन बंद. एका रविवारी तर गाडी ऐन तिठ्यात मेली आणि मागून लाकडाचा ट्रक भोंगा फुंकत आला. ट्रक थांबला, पण त्याचे दिवे आउनेच्या मांडीवरच्या केकच्या डब्यात शिरल्यासारखे दिसत होते.

घरी येऊन तिनं शांतपणे कोट काढला. "म्हाताऱ्या, आणखी एकदा ही बंद पडली, तर विकायची. मी लेंपीकडे टॅक्सीनं जाईन."

गिऱ्हाईक तयारच होतं. शेजारच्या सिगवार्डचा नातू पंधराचा झाला होता, आणि आमच्याकडे पंधराची पोरं मोटारीचा परवाना मिळेपर्यंत जुन्या मोटारींचा ट्रॅक्टर करून चालवतात. मागची सीट काढायची, वेग तीसवर बांधायचा, पाठीवर हळू गाडीची खूण म्हणून लाल त्रिकोण ठोकायचा. सिगवार्ड कुंपणावरून म्हणाला, "दे रे पोराला. त्रिकोण तिच्या लाल रंगाला शोभेल."

"तुझ्या पाठीला लाव तो त्रिकोण!" एवर्ट म्हणाला. पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांना मागं टाकणारी त्याची ती लाल बाई, आणि तीसच्या वेगानं दुधाच्या दुकानापुढं घिरट्या घालणार?

तो कामाला लागला. गाडी गरम गॅरेजात घेतली, नळ्या साबणाच्या पाण्यानं तपासल्या. एकही बुडबुडा नाही. झडपेला इशारा देणारी बारीक नळी बदलली. आतली स्प्रिंग कडक असेल म्हणून नरम घातली. मग झडप काढून बाकावर ठेवली, बारीक नळी तोंडात धरून चोखली. दट्ट्या झटकन वर! सोडली, टप्पकन खाली. पुन्हा चोखली, पुन्हा वर. शाळेतलं पोर पाढे म्हणतं तशी बिनचूक. तशीच ती गाडीत बसवली, शनिवारी एकटाच तिठ्यापर्यंत गेला, आणि बट्-बट्-बट्. एकट्यानं गेला होता म्हणून बरं. आउनेला त्यानं सांगितलं, "रस्ता बघायला गेलो होतो."

"कसा होता?"

"लांब."

मग तो पुन्हा गॅरेजात गेला. इंजिन गार होईस्तोवर गॅरेजच्या उबेत कॉफी प्यायला, मग झडप काढून बाकावर ठेवली आणि नळी चोखली. वर, खाली. काही दोष नाही. तेवढ्यात सिगवार्ड आला आणि उंबऱ्यातच उभा राहून बोलू लागला, दार सताड उघडं.

"काय म्हणतोय आमचा ट्रॅक्टर?"

"दार लाव!"

"लावतो रे. पण मला सांग, मागची सीट पोरानं काढायची, की तूच काढून देतोस? म्हणजे सोफ्यासारखी अंगणात ठेवता येईल तुला. बसून उसासे टाक."

"सिगवार्ड, लाकडं तुझ्या बापाची आहेत का?"

"बापाचीच. त्यानंच तुला ते रान विकलं होतं."

या रानावरून दोघांचं जुनं भांडण. त्यात शिरले की आउने दोघांना जेवायला बोलावून थकते. इकडे दारातून धुरासारखा गारठा जमिनीवरून आत सरकत होता, बाकावर चढत होता. बोलता बोलता एवर्टची बोटं गारठून बधिरली. करायला काहीतरी हवं म्हणून त्यानं नळी तोंडात धरली आणि चोखली.

दट्ट्या ढिम्म.

त्यानं पुन्हा चोखली, गाल खपाटीला जाईस्तोवर. दट्ट्या कुरकुरत जरासा वर आला आणि तिथंच रेंगाळला.

"बरं बाबा, लावतो दार," सिगवार्ड हात पुढे करत म्हणाला.

"थांब!" एवर्ट ओरडला. "लावू नकोस!"

सिगवार्डनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "आउने!" त्यानं घराकडे तोंड करून हाक मारली. "तुझा नवरा दार उघडं ठेव म्हणतोय गं! डॉक्टरला फोन लाव!"

एवर्टनं तोवर झडप खोलली होती. दट्ट्याभोवती त्याचं लाडकं ग्रीस, बर्फात ठेवलेल्या लोण्यासारखं घट्ट झालेलं. बसवताना त्यानंच बोट भरून चोपडलं होतं. उबेत ते वितळून गुमान राहायचं. हमरस्त्याचा वारा जाळीतून लागला की दट्ट्याला जखडून टाकायचं. मग अडलेली हवा उलटी फिरायची, तीच पुन्हा मोजली जायची, इंजिनाला दुप्पट पेट्रोल मिळायचं आणि त्याला ठसका लागायचा. गावातला जो तो बिघडलेली गाडी आधी उबेत ओढतो. एवर्टनंही तेच केलं होतं, आणि उबेत दोष दिसणार कुठून?

आउने शाल गुंडाळून आली होती. तिनं ते काळं लोणी पाहिलं. "वाफल्याची चव आठवली," ती म्हणाली, आणि शिलाई यंत्राच्या पातळ तेलाची बाटली आणायला आत गेली.

दट्ट्या पेट्रोलनं धुतला, पातळ तेलाचे थेंब सोडले, जुनी स्प्रिंग परत बसवली आणि झडप रात्रभर अंगणातल्या पायरीवर ठेवली. सकाळी एवर्ट रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून पायरीवर उकिडवा बसला आणि नळी चोखू लागला. वर, खाली. कुंपणापलीकडून सिगवार्ड म्हणाला, "बघा, वासरू पान्हा शोधतंय." पण चालून तोही आला, आणि दुपारी निघताना कुणी न बोलावता मागच्या सीटवर जाऊन बसला. "शेवटचं एकदा सीटवर बसून घेतो," म्हणाला.

रस्त्यावर बर्फाची पांढरी भुकटी सरपटत होती. आउनेनं केकचा डबा दोन्ही हातांनी धरला होता. तिठा दिसू लागला. डावीकडून लाकडाचा ट्रक येत होता. एवर्टनं पाय उचलला.

फिस्स.

गाडी हळू होत तिठ्याशी आली, थांबली. ट्रक बर्फ उडवत पुढून गेला. इंजिन आपलं चालूच, चुलीजवळ बसलेल्या मांजरासारखं घुरघुरत. एवर्ट दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच बसून राहिला.

"आता काय झालं?" आउने म्हणाली. "रस्ता मोकळा आहे की."

"ऐकतोय."

"लेंपीचं न्हाण निवतंय, म्हाताऱ्या. चल." मग मागे वळून न बघता ती म्हणाली, "सिगवार्ड, पोरासाठी दुसरी गाडी बघ बरं का."

"बघतो," सिगवार्ड म्हणाला आणि मागच्या सीटवर ऐसपैस टेकून बसला. "पण ए एवर्ट, पुढच्या वळणावर जरा जोरात जाऊन पाय उचल की. मागं नीट ऐकू आलं नाही."